नवीन माणसाची चौकशी

हॉस्पिटलातल्या त्या शेवटच्या दुपारी आईंनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणी नवीन आलं का गं?" सलाइन बघायला आलेली नर्स नागपूरची होती. तिला वाटलं, आजी वॉर्डाबद्दल विचारताहेत. पलीकडच्या खाटेकडे मान करून ती म्हणाली, "हो ना आजी, सकाळीच आल्यात. टोंगा बेटांवरच्या आहेत, पाय मोडलाय." आईंनी तेवढ्यातल्या तेवढ्यात त्या टोंगन आजींना नीट बघून घेतलं. उशाशी कोण बसलंय, डब्यातून काय आलंय, डबा उघडल्यावर पहिला घास कोणाला दिला... "लेकीचं लक्ष आहे," एवढा निकाल देऊन त्या पुन्हा माझ्याकडे वळल्या आणि जरा आवाज खाली करून म्हणाल्या, "ह्या नव्हेत गं. तिकडे. गावात."

गाव म्हणजे डोंबिवली नव्हे. इंग्लंडच्या उत्तरेकडचं एक खेडं, जिथे आई कधी गेल्या नव्हत्या आणि कोणालाच जाता येणार नाही, कारण ते फक्त टीव्हीवर आहे. कित्येक वर्षं चालू असलेली ही मालिका आमच्याकडे ऑकलंडला भर दुपारी लागते. तिच्यात मेंढ्या आहेत, दगडी कुंपणं आहेत, एक पब आहे आणि दर थोड्या दिवसांनी गावात नवीन येणारं कोणी ना कोणी आहे. आईंना त्या मालिकेतल्या जुन्या लोकांचं फारसं काही नव्हतं. त्यांना रस होता तो नवीन माणसात. मी म्हटलं, "आज बघितलं नाही, आई. रेकॉर्ड होतंय." त्या म्हणाल्या, "मग राहू दे. घरी गेल्यावर बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या. फुप्फुसांनीच साथ सोडली, असं डॉक्टर म्हणाले. त्याला आता काही आठवडे झाले, आणि मी अजून रेकॉर्ड करतेच आहे.

आई म्हणजे माझ्या सासूबाई, कुसुमताई. ऐंशी पार केलेल्या, बुटक्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. डोंबिवलीत त्यांनी आयुष्यभर घराच्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवलं. पत्रिका जुळवणं हे त्यांच्या लेखी कारकुनी काम होतं. खरं काम म्हणजे चौकशी. स्थळ आलं की मुलाच्या कॉलनीत जायचं, वाण्याकडे साबण घ्यायचा, इस्त्रीवाल्याशी दोन शब्द बोलायचे, आणि मुलाच्या घरचं कोण कोणाशी कसं बोलतं ते कान देऊन ऐकायचं. बघण्याच्या कार्यक्रमात सगळे मुलीकडे बघत, मुलगी जमिनीकडे बघे, आणि आई बघत मुलाच्या हातांकडे. पोह्यांची बशी कोणी दिली हे बघायला हा मान वर करतो का? करत असेल तर पुढे जायचं. त्यांनी जमवलेली लग्नं बहुतेक टिकली, असं सगळे म्हणत. त्या स्वतः म्हणत, "न जमवलेली मोजा. पुण्य तिथे आहे."

त्या इथे आल्या त्या मंदारचं कळल्यावर. मंदार माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. ईस्ट टामाकीच्या एका कारखान्यात इंजिनिअर होता आणि तिथेच, कामावर असताना, छातीत कळ येऊन गेला. आई त्याचं सगळं करायला म्हणून आल्या आणि परत जायची तारीख आम्ही दोघींनीही काढली नाही. आम्हाला मूलबाळ नाही. सासरे तर आधीच गेले होते. हेन्डरसन उपनगरातल्या त्या घरात आम्ही दोघी राहिलो आणि कोणी कोणाचं सांत्वन करायचं हेच आम्हाला कळेना. मी फार्मसीत कामाला जायचे, त्या घर सांभाळायच्या. जेवताना मीठ, तिखट, हवा, एवढंच बोलणं. मग एकदा सुटीच्या दिवशी मी दुपारी आत आले तर आई टीव्हीसमोर ताठ बसलेल्या, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. मी रिमोट घ्यायला गेले तर म्हणाल्या, "थांब. नवीन माणूस आलंय. पहिल्या दिवशी मी आवाज ठेवत नाही. बोलण्यात माणूस फसवतो."

मंदार गेल्यानंतर त्या पहिल्यांदाच कशात तरी इतक्या गढलेल्या दिसल्या. मी जवळ बसले. पडद्यावर एक उंच बाई गाडीतून उतरत होती. गावातली नवी डॉक्टर असावी. पबमध्ये तिला कोणी चहाचा मग दिला, तिने तो घेतला, प्यायली, बोलली, निघाली. आई म्हणाल्या, "ही राहायला आलेली नाही." मी विचारलं, कशावरून. तर म्हणे, चहाचा मग तिने ठेवला तो टेबलाच्या कडेला, उठायच्या तयारीत असल्यासारखा, आणि एकालाही तुझं नाव काय असं ओठ हलवून विचारलं नाही. मी हसले. थोड्याच आठवड्यांत ती डॉक्टरीण कोणाचा तरी नवरा घेऊन गावातून पसार झाली. आईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यातच त्यांची सगळी मिजास होती.

त्यानंतर आमच्या घरात बोलायला विषय झाला. मी कामावरून आले की आई दारातच बातमी द्यायच्या. नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. सगळ्यांना आपली नावं दिली होती... मेंढीवाली, खोकणारा पाद्री, दोन भाऊ म्हणजे थोरला धसमुसळा आणि धाकटा मुकाट. इंग्लंडात हे भाग आधीच होऊन गेलेले असतात, आमच्याकडे पुष्कळ उशिराने पोचतात. तेव्हा पुढचं सगळं फोनवर वाचता येतं. आईंची एक भाची लेस्टरला असते. ती एकदा व्हिडिओ कॉलवर सांगायला लागली, "मावशी, तो थोरला भाऊ आहे ना..." तर आईंनी तिला तिथेच गप्प केलं. "पुढचं वाचून सांगणारे ज्योतिषी झाले. मी चौकशी करते. चौकशीत चुकायची मुभा असते."

मालिकेबद्दलचा त्यांचा एक सिद्धांत मात्र मला तेव्हापासूनच टोचायचा. त्या म्हणायच्या, ह्या लेखकांकडे खुर्च्या मोजक्याच आहेत. एका घरात नवीन माणूस आलं की त्या घरातलं एखादं जुनं उठवतात. मारतात तरी, नाहीतर लांबच्या बहिणीकडे पाठवतात. "बघ तू. नवा आला की मी आधी बघते, आता कोण उठणार." हे त्या अगदी सहज सांगत, भाजी निवडता निवडता. मी म्हणायचे, "आई, मालिकाच ती." त्या म्हणायच्या, "घर तरी निराळं काय असतं?"

आणि मग आमच्याकडे किरीट आला. किरीटचे आजोबा फार वर्षांपूर्वी गुजरातेतून ऑकलंडच्या दक्षिणेला, पुकेकोहेला येऊन भाजीपाला पिकवायला लागले. तिसरी पिढी. तो आणि त्याचा थोरला भाऊ हरीश मिळून शेत बघतात आणि रस्त्याकडेच्या शेडमध्ये स्वतःच भाजी विकतात. माझ्या फार्मसीशेजारी फळभाज्यांचं दुकान आहे, तिथे तो माल टाकायला यायचा आणि जाताना ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायचा. गोळ्या नेणारा माणूस हळूहळू कोबी ठेवून जायला लागला. त्याचं पहिलं लग्न तरुणपणीच मोडलं होतं, मूल नव्हतं. त्याला मराठी येत नाही, गुजरातीही मोडकीतोडकीच येते. त्याचं सगळं बोलणं न्यूझीलंडच्या इंग्रजीतलं, ते मी इथे मराठीत लिहिते आहे. मी आईंना एवढंच सांगितलं होतं की एक मित्र आहे, पुकेकोहेला त्याची शेती आहे. आई "बरं" म्हणाल्या. एका रविवारी त्याने बटाट्यांचं खोकं दारात ठेवलं आणि घाईत निघून गेला. आईंनी खिडकीतून टोपी आणि गमबूट तेवढे पाहिले. मग खोक्याकडे पाहिलं. खोक्यावर शेताचं नाव छापलेलं होतं.

त्याच सुमाराला मालिकेतही एक नवा माणूस आला. सतत टोपी घालणारा, म्हणून टोपीवाला. मेंढ्यांच्या विणीला मदत करायला म्हणून आला आणि एका विधवा शेतकरणीच्या घरी त्याचं येणं-जाणं वाढलं. तिच्या घरात तिची म्हातारी सासू होती, शेगडीजवळच्या खुर्चीत बसून विणकाम करणारी. हे असं आमच्या समोरच मांडलेलं बघून मला अवघडल्यासारखं व्हायचं. आईंना काय वाटत होतं ते चेहऱ्यावरून कळेना. पहिल्या दिवशी आवाज बंद करून त्यांनी टोपीवाल्याला बघितलं आणि म्हणाल्या, "बरा वाटतोय." आणि मग काही दिवसांनी एकाएकी त्यांचं मत फिरलं. मी जेवण वाढत होते. त्या टीव्हीकडे बघत म्हणाल्या, "ह्याला घरी बायको आहे."

मी म्हटलं, असं काही दाखवलं का? नाही म्हणाल्या, पण आहे. "बायको आहे आणि ती चांगली आहे बिचारी. तीन मुली आहेत." मी थक्क. मेंढ्या धरणाऱ्या माणसाच्या टोपीवरून त्याला तीन मुली आहेत हे ओळखणं म्हणजे आईंच्या हिशेबानेही जास्तच होतं. मी चेष्टा केली, "मुलींची नावं काय?" त्या हसल्या नाहीत. "थोरली लग्नाची आहे," म्हणाल्या, आणि पुढचा घास न घेता ताटाकडे बघत राहिल्या. असं मग रोजच व्हायला लागलं. मालिकेतली विधवा टोपीवाल्याशी हसून बोलली की आई अस्वस्थ. "तिला कोणीतरी सांगायला पाहिजे," म्हणायच्या. "पण सांगणार कोण? सासूने सांगितलं तर ती काय समजेल... हिला मुलाचं दुखतंय म्हणून आडवी येतेय, असंच ना?" मला वाटायचं, त्या मंदारबद्दलच बोलताहेत, आडून. मला वाटायचं, हा त्यांचा नकार आहे. मी रात्रंदिवस तेच घोळवत होते. किरीटला हो म्हणायचं तर आईंना दुखवायचं. नाही म्हणायचं तर मला जे पुन्हा एकदा मिळू पाहत होतं ते हातचं घालवायचं. मला तो हवा होता, हे इथे स्पष्टच लिहिते. आणि आई दुखवल्या जाणं मला परवडणारं नव्हतं, हेही तितकंच खरं.

एकदा किरीटबरोबर कॉफी पिताना मी त्याला हे टोपीवाल्याचं सांगितलं, हसायला म्हणून. बायको, तीन मुली, थोरली लग्नाची. किरीटने कप खाली ठेवला. "हे तर हरीशचं वर्णन झालं," म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, तुझ्या सासूबाई बुटक्या आहेत का? चष्म्याच्या वरून बघतात का? आणि मग त्याच्याकडून सगळी हकिगत कळली. मध्यंतरी पुकेकोहेच्या शेडवर एक भारतीय आजी आल्या होत्या. गाड्या बदलत, एकट्याच. त्यांनी मूठभर हिरव्या मिरच्या घेतल्या आणि हरीशसमोर स्टूल ओढून बसल्या. जमीन कोणाच्या नावावर, घरात स्वयंपाक कोण करतं, शेजाऱ्यांशी भांडण आहे का, घराण्यात मधुमेह आहे का... हरीशने सगळ्याची अगदी उत्साहाने उत्तरं दिली. कारण त्याला वाटलं, आजी त्याच्या थोरल्या मुलीसाठी स्थळ घेऊन आल्या आहेत. त्याने बायकोला बाहेर बोलावलं. तिने चहा केला, थेपले दिले, मुलीचे फोटो दाखवले. आजी फोटो बघून गप्पच झाल्या म्हणे. चहा अर्धा टाकून उठल्या. तेव्हापासून हरीशच्या घरी सगळे वाट बघत होते, मुलाकडून निरोप कधी येतो ह्याची.

मी घरी आले तेव्हा आई गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या. मी विचारलं, "आई, पुकेकोहेला गेला होतात?" त्यांनी हातातला टॉवेल तारेवर नीट पसरला, दोन्ही बाजू सारख्या केल्या. "चौकशीशिवाय मी कोणाची मुलगी दिलेली नाही," म्हणाल्या. "तुझी कशी देईन?" मग त्यांचा धीर सुटला. "त्या माणसाचं लग्न झालेलं आहे, शुभा... मी तुला कसं सांगायचं? मी सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं की मी मंदारसाठी..." त्या माझ्यासमोर मंदार गेल्यानंतरही रडल्या नव्हत्या, त्या तिथे कपड्यांच्या मागे उभं राहून रडल्या. मी त्यांना धरून सांगितलं, तो किरीट नव्हताच. तो त्याचा भाऊ होता. आईंनी डोळे पुसले आणि मग जे बोलल्या ते ऐकून मला हसू आवरेना. "म्हणजे घराणं बघून झालं. आता मुलगा तेवढा बघायचा राहिला. बोलाव त्यांना."

कार्यक्रम रीतसर झाला. आईंनी पोहे केले, ओलं खोबरं मिळालं नाही म्हणून दिवसभर चुटपुटत राहिल्या. किरीट आला, हरीश आणि त्याची बायको आली. हरीश आईंना बघून आधी ओशाळला आणि मग हसत सुटला. मी पोह्यांच्या बशा दिल्या, ह्या वयात, जीन्सवर. किरीटने मान वर करून बघितलं का, हे मला विचारू नका. मी मुद्दाम त्याच्याकडे बघत नव्हते. आई बघत होत्या. मग हरीशने, बोलायला काहीतरी पाहिजे म्हणून, भीत भीत विचारलं, "आंटी, तुम्ही म्हणजे... आधीच्या नवऱ्याच्या आई ना?" आई इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "होते. आज मी मुलीकडची आहे. जे काय विचारायचं ते मला विचारा."

त्यांनीच जास्त विचारलं, अर्थात. दारू, कर्ज, राग, देवधर्म, आणि पहिलं लग्न का मोडलं. किरीट सगळ्याला सरळ उत्तरं देत होता. पहिल्या लग्नाचं विचारल्यावर म्हणाला, "मी तेव्हा शेताशीच लग्न केलं होतं, आंटी. तिचं काही चुकलं नाही." आईंना हे उत्तर आवडलेलं दिसलं. शेवटी त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, माझ्याकडून पसंती आहे. आणि त्याच दमात पुढे, की माझी काळजी कोणी करू नका, डोंबिवलीच्या जागेतल्या भाडेकरूला पुतण्याने सांगून ठेवलंय, दिवाळीपर्यंत जागा मोकळी होईल, मी जाईन. मला हे काहीच माहीत नव्हतं. मी मराठीत म्हटलं, "आई, हे काय?" त्या मराठीतच, समजावल्यासारखं म्हणाल्या, "अगं, मुलाचं घर होतं तोवर मी राहिले. आता मी मुलीची आई झाले. मुलीची आई जावयाच्या घरी पाहुणी म्हणून येते, राहत नाही. आमच्यात अशी रीत नाही." आणि मग हळूच, "खुर्च्या तेवढ्याच असतात, शुभा. नवीन माणूस येतंय ना."

रीतीला उत्तर काय देणार? राहा म्हटलं तर ती माझी दया झाली असती, आणि आई दयेवर एक दिवस राहिल्या नसत्या. किरीटने मला विचारलं, काय म्हणतात? मी सगळं सांगितलं, रीत, मालिका, खुर्च्या, सगळं, रडत रडत आणि बऱ्याच चुकीच्या इंग्रजीत. त्याने नीट ऐकून घेतलं. मग आईंनाच विचारलं, "आंटी, ह्यात नवीन माणूस मी ना?" हो, आई म्हणाल्या. "मग मी येतो. तुमच्या घरी. शुभाला पुकेकोहेला नेत नाही, मीच इथे राहायला येतो. रोज शेतावर जाईन-येईन, सकाळी उलट्या दिशेला ट्रॅफिक नसतो. घर तुमचं. पाहुणा मी." त्यावर हरीश एकदम ओरडला, "घरजमाई!" त्याच्या मोडक्या गुजरातीतला हा एक शब्द मात्र पक्का होता. तो मांडीवर थाप मारून हसत होता, त्याची बायको त्याला गप्प करत होती. आई हसल्या नाहीत. त्या किरीटकडे चष्म्याच्या वरून बघत होत्या, आवाज बंद करून बघायच्या तशा. मग म्हणाल्या, "शेतावर निघायची वेळ काय?" तो म्हणाला, अंधारातच, पहाटे. "चहा घेऊन जातोस?" नाही म्हणाला, कोण उठणार? "मी उठलेली असते," आई म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पुतण्याला फोन करून सांगितलं, भाडेकरूला राहू दे.

लग्न मागच्या उन्हाळ्यात परसातच झालं. मुलीच्या मागे मामाने उभं राहायचं असतं. माझ्या मामाच्या जागी आई उभ्या राहिल्या, टाचा उंच करून. त्यानंतर जेमतेम दीड ऋतू त्यांना मिळाला. पण त्या दीड ऋतूत आमचं घर कधी नव्हतं इतकं बोलकं झालं. पहाटे त्या आणि किरीट स्वयंपाकघरात चहा पीत. तो इंग्रजीत बोले, त्या निम्म्या मराठीत. मी पांघरुणातून ऐकत असे. शनिवारी त्या त्याच्याबरोबर शेडवर जाऊ लागल्या आणि गिऱ्हाइकांची चौकशी करू लागल्या. कोण मेथी नेतं, कोण सिल्व्हरबीट, म्हणजे इथला जाड पालक, कोण आधी दोघांपुरतं नेत होतं आणि आता एकापुरतं नेतं. "सिल्व्हरबीटवाल्या बाईचा नवरा गेला असणार," म्हणाल्या एकदा. खरंच गेला होता. त्या बाईला त्यांनी स्टूल दिलं आणि दोघी बसून राहिल्या. बोलल्या काय, देव जाणे. किरीटची चौकशीही कधी थांबली नाही. तो बाहेर गेला की मला म्हणायच्या, "अजून तरी काही सापडलं नाही हो."

थंडीत खोकला धरला आणि तो उतरलाच नाही. मला औषधं कळतात, म्हणून मला आधी कळलं, आणि कळलेलं मी त्यांना सांगितलं नाही. पण त्यांना काय कळायचं राहिलं असेल असं मला वाटत नाही. त्या शेवटच्या आठवड्यात किरीट शेतावरून थेट हॉस्पिटलात यायचा, नखांत माती तशीच. आई त्याचा हात हातात घेऊन त्या मातीकडे बघत राहायच्या.

आता मी दुपारी, सुटी असली की, साठलेले भाग बघते. एकटीच. आईंना टोपीवाल्याचं शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मी मुद्दाम फोनवर पुढचं वाचत नाही. जसं येईल तसं बघते. मध्यंतरी त्या विधवेने टोपीवाल्याला घरात घेतलं, आणि दोनच भागांनंतर शेगडीजवळच्या त्या म्हातारीला कॅनडाला, बहिणीकडे पाठवून दिलं. टॅक्सी आली, दोन बॅगा गेल्या. खिडकीतून एक हात हलला आणि कॅमेरा लगेच मेंढ्यांकडे वळला. मी उठून टीव्ही बंद केला आणि खूप रडले. आई गेल्या त्या दिवशीसुद्धा मला असं रडू आलं नव्हतं. परवाच्या भागात मात्र उलगडलं, की टोपीवाल्याला खरोखरच बायको आहे, पलीकडच्या गावी. मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, "आई, बरोबर होतं तुमचं." मुली किती, ते अजून दाखवलेलं नाही.

मागच्या शनिवारी आम्ही पहिल्यांदाच शेड उघडली. आई गेल्यापासून किरीटने ती बंदच ठेवली होती. आतल्या खुंटीवर त्यांचा जांभळा स्वेटर अजून होता. मी तो काढायला गेले तर किरीट म्हणाला, असू दे. मी जुड्या बांधत होते. एक उंच, म्हाताऱ्या गोऱ्या बाई आल्या. मी त्यांना ओळखत नव्हते, त्या किरीटला ओळखत होत्या. इतके दिवस कुठे होतास रे, म्हणाल्या, मी दोनदा येऊन परत गेले. किरीट त्यांच्या पिशवीत गाजरं भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, "माझ्या सासूबाई गेल्या." मी हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. त्या बाई माझ्याकडे वळल्या. मी त्याची बायको हे त्यांनी ओळखलं असावं, आणि पुढचं त्यांनी अगदी सरळ जुळवलं. माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुझी आई गं. फार वाईट झालं." चार वाक्यांत सगळं उलगडून सांगता आलं असतं... माझा पहिला नवरा, त्याच्या ह्या आई, डोंबिवली, सगळं. किरीट माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "हो. माझी आई."